परहितार्थ दौड आणि तिची तयारी



एका माणसाला कर्करोग झालेला आहे. त्याच्या उपचारासाठीं पैसा हवा आहे. आणि ज्याचें त्याच्याशीं कसलेंहि नातें नाहीं असा दुसरा एक माणूस रोज पहाटे उठून रस्त्यानें मैलच्या मैल धांवतो आहे. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध काय, असा प्रश्न कोणाहि विचारी मनुष्यास पडेल. पैसाच द्यावयाचा तर तो घरबसल्या देतां येतो. त्यासाठीं घाम गाळण्याचें प्रयोजन काय? कर्करोग्यांच्या साह्यार्थ होणाऱ्या लांब पल्ल्याच्या दौडी आतां आपल्याकडे पुष्कळांच्या ओळखीच्या झालेल्या आहेत. तेव्हां ह्या प्रश्नाचें उत्तर काय, आणि अशी दौड अंगावर घेणाऱ्यानें तयारी कशी करावी, हें आज सांगावयाचें आहे.

खरें म्हटलें तर ही कल्पना आपल्याला अगदीं परकी नाहीं. मुलाच्या दुखण्यांत आई उपास धरते, तेव्हां तिच्या उपाशीं राहण्यानें ताप उतरतो असें वैद्यशास्त्र म्हणत नाहीं. पण दुसऱ्याच्या दुःखाचा कांहीं भाग आपण होऊन अंगावर घेण्याची ती रीत आहे, हें घरांतल्या प्रत्येकास कळतें. परहितार्थ दौडहि एक व्रतच आहे. भेद इतकाच कीं, ह्या व्रताचें फळ वहींत मांडून दाखवितां येतें. वर्गणी मागणारा दाराशीं आला म्हणजे 'पुढें पाहूं' हे शब्द आपल्या ओठांवर तयार असतात. परंतु सहा महिने पहाटेची झोंप मोडून जो तयारी करीत आहे, त्यानें 'मी इतकें अंतर धांवणार आहें, तुम्ही त्याच्या जोडीला काय देतां?' असें विचारलें म्हणजे ते शब्द सहसा निघत नाहींत. मागण्याच्या आधीं त्यानें स्वतः कांहीं दिलेलें असतें.

ह्या प्रकारच्या दौडीचें सर्वांत ठळक उदाहरण कॅनडा देशांतलें आहे. इ. स. १९७७ मध्यें टेरी फॉक्स नांवाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यास उजव्या गुडघ्याजवळ हाडाचा कर्करोग असल्याचें आढळलें, आणि त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. शस्त्रक्रियेनंतर सोळा महिने त्याच्यावर औषधोपचार चालला. तूं वांचण्याचा संभव निम्मा आहे, असें त्यास सांगण्यांत आलें. आणि दोनच वर्षांपूर्वीं हाच संभव शंभरांत पंधरा होता, हेंहि त्यास कळलें. मधल्या काळांत जें संशोधन झालें, त्याचा हा परिणाम. रुग्णालयांत त्याच्या आजूबाजूस त्याच्याहून लहान मुलें यातना भोगीत होतीं. हें सारें पाहून त्या तरुणाच्या मनानें घेतलें कीं, संशोधनास पैसा मिळवून देण्याकरितां आपण कॅनडा देश ह्या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत पळत पार करावयाचा.

पण निश्चय केला आणि दुसऱ्या दिवशीं निघाला असें झालें नाहीं, हें आपण नीट लक्षांत घ्यावें. त्यानें चौदा महिने तयारी केली. कृत्रिम पायावर धांवतांना चांगल्या पायानें दोन उड्या आणि दुसऱ्या पायानें एक पाऊल अशी त्याची चाल होती. उरलेल्या मांडीची कातडी सोलून निघे. इ. स. १९७९ च्या सप्टेंबरांत सतरा मैलांच्या एका शर्यतींत तो उतरला आणि सर्वांच्या शेवटीं पोहोंचला, पण पोहोंचला. पुढें सलग शंभर दिवसांवर त्यानें सराव केला, आणि नाताळाचा एक दिवस सोडला तो आईनें सांगितलें म्हणून. १२ एप्रिल १९८० रोजीं न्यूफाउंडलंड येथील सेंट जॉन्स गांवीं अटलांटिक महासागरांत कृत्रिम पाय बुडवून तो निघाला, आणि रोज सुमारें बेचाळीस किलोमीटर, म्हणजे एक पुरी मॅरेथॉन, अशा हिशेबानें १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धांवला. १ सप्टेंबर १९८० रोजीं थंडर बे गांवाजवळ छातींतल्या वेदनांनीं त्यास थांबविलें. रोग फुप्फुसांत पसरला होता. २८ जून १९८१ रोजीं, वयाचीं तेवीस वर्षें पुरीं होण्यास एक महिना असतांना, त्याचा अंत झाला.

तो पलीकडच्या समुद्रापर्यंत पोहोंचला नाहीं. परंतु कॅनडाच्या प्रत्येक रहिवाशामागें एक डॉलर जमावा अशी जी त्याची इच्छा होती ती त्याच्या हयातींतच पुरी झाली, इ. स. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी एकेचाळीस लाखांवर डॉलर गोळा झाले, आणि त्या देशाची लोकसंख्याहि तेवढीच होती. त्याच सालीं सप्टेंबरांत त्याच्या नांवानें पहिली सार्वजनिक दौड झाली. तिच्यांत तीन लाख लोक धांवले किंवा चालले. अनेक देशांत पसरलेल्या ह्या दौडींनीं आजवर कर्करोगाच्या संशोधनास ८५ कोटींहून अधिक डॉलर मिळवून दिले आहेत.

आतां आपल्या घराकडे वळूं. धांवणें आणि कर्करोग्यांची सेवा ह्या दोहोंची गांठ महाराष्ट्रांत एका गृहस्थाच्या चरित्रांत पडलेली आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. इ. स. १९१९ मध्यें पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासामन्यांच्या प्रसंगीं सर दोराबजी टाटा अध्यक्ष ह्या नात्यानें उपस्थित होते. खेड्यापाड्यांतून आलेले, अनवाणी धांवणारे गडी त्यांनीं पाहिले, आणि ह्यांना शिक्षण मिळालें तर हे जगाच्या शर्यतींत उभे राहूं शकतील असें त्यांच्या मनांत आलें. त्यांच्या द्रव्यसाह्यानें इ. स. १९२० मध्यें अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू गेले, आणि बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यत पुरी करून एकोणिसावे आले. पुढें इ. स. १९३१ मध्यें सर दोराबजींच्या पत्नी, साडी नेसून टेनिस खेळण्यांत नांव मिळविलेल्या लेडी मेहेरबाई, रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं सर दोराबजीहि गेले. परंतु त्यांनीं मागें ठेविलेल्या संपत्तीच्या विश्वस्तांनीं परळ येथें कर्करोगाचें रुग्णालय उभारलें, तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. हेंच टाटा मेमोरियल रुग्णालय.

ह्या रुग्णालयाच्या आसपासचे रस्ते ज्यांनीं पाहिले असतील त्यांना पैसा कशासाठीं लागतो हें सांगावें लागणार नाहीं. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येथें येतात. औषध हा खर्चाचा एक भाग झाला. उपचार आठवड्याचा नसतो, महिन्यांचा असतो. तितके दिवस रोग्यानें आणि त्याच्या सोबतीच्या माणसानें राहावयाचें कोठें, जेवावयाचें काय, आणि गांवीं राहिलेल्या मुलांकडे कोणीं पाहावयाचें? बहुधा घरचा मिळवता माणूसच एक तर रोगी असतो, नाहीं तर रोग्याचा सोबती. दादर येथें संत गाडगे महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या धर्मशाळेसारख्या संस्था अशा कुटुंबांना आसरा देतात. परंतु आसरा मागणारे नेहमींच अधिक असतात. जागा नाहीं, भाडें नाहीं, म्हणून उपचार अर्धवट टाकून गांवीं परतणें ही ह्या रोगांतील फार दुःखाची गोष्ट आहे. कारण बरा होण्याजोगा रोगहि अर्धवट उपचारानें हाताबाहेर जातो. तेव्हां दौडीनें मिळालेला पैसा संशोधनास जावो कीं कोणाच्या दोन महिन्यांच्या भाड्यास जावो, त्यानें कोणाचें तरी आयुष्य वाढण्याचा संभव असतो.

हा हेतु मनांत ठेवून आतां तयारीकडे येऊं. मॅरेथॉनचें पुरें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर आहे. हें विचित्र माप इ. स. १९०८ च्या लंडनच्या शर्यतींतून आलें आणि इ. स. १९२१ मध्यें कायम झालें. अर्धी मॅरेथॉन म्हणजे सुमारें २१ किलोमीटर. मुंबईस इ. स. २००४ पासून जानेवारींत भरणाऱ्या मॅरेथॉनमध्यें दोन्ही अंतरें असतात, आणि तिच्या निमित्तानें अनेक धर्मादाय संस्थांसाठीं निधि गोळा केला जातो. ज्यानें पूर्वीं कधीं धांवण्याचा अभ्यास केलेला नाहीं त्यानें पहिल्या वर्षीं अर्ध्या अंतरावर समाधान मानावें, आणि त्यासहि निदान सहा महिने द्यावेत.

सहा महिने कां, ह्याचें कारण शरीराच्या रचनेंत आहे. धांवण्याच्या अभ्यासानें शरीराचे सर्व भाग सारख्या वेगानें बळावत नाहींत. हृदय लवकर शिकतें. थोड्याच आठवड्यांत तें एका ठोक्यास पूर्वींपेक्षां अधिक रक्त फेंकूं लागतें, आणि विश्रांतीच्या वेळची नाडी मंद होते. स्नायूंतहि बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें दाट होतें, आणि प्राणवायूच्या साह्यानें शक्ति निर्माण करणाऱ्या पेशींतील सूक्ष्म कणिका वाढतात. पण हाडें आणि स्नायूंना हाडांशीं जोडणारे कंडरे फार सावकाश कणखर होतात. कंडऱ्यांना रक्ताचा पुरवठाच मुळीं कमी. म्हणून असें होतें कीं, दोन महिन्यांनीं धांवणाऱ्याला दम लागेनासा होतो, 'आतां मला काय कमी आहे?' असें वाटूं लागतें, आणि नेमक्या त्याच वेळीं नडगीचें हाड किंवा टांचेमागचा कंडरा दुखावतो. छाती तयार झालेली असते, पाय तयार झालेले नसतात. बहुतेक नवख्यांची दौड जी मोडते ती येथें मोडते. सबब पहिला नियम हा कीं, अंतर वाढवावयाचें तें छातीच्या सांगण्यावरून नव्हे, तर पायांच्या सांगण्यावरून.

आरंभ चालण्यानें करावा. पहिले दोन आठवडे आठवड्यांतून चार दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावें. नंतर एक मिनिट धांवणें आणि दोन मिनिटें चालणें, असें आलटून पालटून करावें; हळूहळू धांवण्याचीं मिनिटें वाढवीत आणि चालण्याचीं कमी करीत आठव्या आठवड्याच्या अखेरीस अर्धा तास न थांबतां धांवतां यावें. वेग किती असावा? बरोबरच्या माणसाशीं पुरें वाक्य बोलतां येईल इतका. वाक्य मध्येंच तुटूं लागलें कीं वेग अधिक झाला असें समजावें. नवख्यास हा वेग कमीपणाचा वाटतो. परंतु लांब पल्ल्याची सारी इमारत ह्याच संथ धांवण्याच्या पायावर उभी राहते.

नवव्या आठवड्यापासून एक दिवस, सोयीचा म्हणून रविवार, लांब धांवण्याचा ठरवावा. पांच किलोमीटरांपासून आरंभ करून तें अंतर दर आठवड्यास एक-दीड किलोमीटरानें वाढवावें. दर चौथ्या आठवड्यास मात्र तें मुद्दाम कमी करावें. कारण शरीर बळकट होतें तें श्रमांत नव्हे, तर श्रमानंतरच्या विश्रांतींत. अशा रीतीनें एकविसाव्या आठवड्यापर्यंत सोळा किलोमीटरांचा टप्पा गांठला जातो. आठवड्यांतील दुसरे दोन-तीन दिवस थोडें आणि संथ धांवावें; एक दिवस पाय, कंबर आणि पोट ह्यांच्या बळाचे व्यायाम करावेत. आपल्या जुन्या बैठका ह्या कामीं फार उपयोगीं पडतात. निदान दोन दिवस पूर्ण विश्रांति घ्यावी. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवीत न्यावें. ह्या काळांत मनुष्य अस्वस्थ होतो, आपण आळशी होत आहों असें त्याला वाटतें, आणि शर्यतीच्या चार दिवस आधीं तो एक मोठी दौड करून सहा महिन्यांची कमाई घालवितो. हा मोह टाळावा.

आहारासंबंधीं पुष्कळ गैरसमज आहेत. धांवतांना मुख्य इंधन म्हणजे यकृतांत आणि स्नायूंत सांठविलेली साखर. तिला ग्लायकोजेन म्हणतात. चांगल्या पोसलेल्या माणसाच्या शरीरांत ती सुमारें पांचशें ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींइतकी असते. एक किलोमीटर धांवण्यास शरीराच्या दर किलो वजनामागें सुमारें एक कॅलरी लागते. साठ किलो वजनाच्या माणसाचा हिशेब करून पाहा : तीस-तेहतीस किलोमीटरांना भांडार रितें होतें. शरीर थोडी चरबीहि जाळतें, पण ती सावकाश जळते. पुऱ्या मॅरेथॉनमध्यें तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास भलेभले कां कोलमडतात, ह्याचें मुख्य कारण हेंच. आणि अर्ध्या अंतरास ही भीति कां कमी, हेंहि ह्यावरून कळेल. तेव्हां भाकरी, पोळी, भात टाकून केवळ दूध-बदामांवर धांवूं पाहणाऱ्यानें मूळ इंधनच कमी केलें असें होतें. नेहमींचें सकस जेवण, त्यांत डाळ-उसळी किंवा अंडीं-मासे पुरेसे, आणि भरपूर झोंप, इतकें बस्स आहे. शर्यतीच्या दिवशीं नवा पदार्थ खाऊं नये आणि नवे बूट घालूं नयेत.

पाण्याच्या बाबतींत दोन्ही टोंकें वाईट. मुंबईसारख्या दमट हवेंत घाम सुकत नाहीं, त्यामुळें अंग निवत नाहीं, आणि उष्माघाताचें भय असतें. म्हणून सराव सूर्योदयाच्या आधीं उरकावा. परंतु भीतीपोटीं तहान नसतांना घटाघटा पाणी पीत राहिलें तर रक्तांतील मिठाचें प्रमाण घसरतें. डोकें दुखतें, उलट्या होतात, भ्रम होतो, आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. तहानेप्रमाणें थोडें थोडें प्यावें, आणि लांब दौडींत त्यांत थोडी साखर व मीठ असावें.

आरंभ करण्यापूर्वीं डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घ्यावी; चाळिशी उलटलेल्यांनीं, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनीं, आणि ज्यांच्या घरांत हृदयविकार आहे त्यांनीं तर अवश्य. स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत जातो, तो चालतो. परंतु हाडावर एकाच जागीं बोट ठेवून दाखवितां येईल असें दुखणें, किंवा पाऊल टाकतांना वाढत जाणारें दुखणें, हें थांबण्याचें चिन्ह आहे. छातींत दडपण येणें, भोंवळ येणें, हें तर तत्क्षणीं थांबण्याचें. दुसऱ्याच्या आजारासाठीं निघालेल्यानें हट्टानें आपला आजार ओढवून घेण्यांत कसलेंहि पुण्य नाहीं.

येथें एक प्रश्न साहजिक येतो : स्वतः कर्करोगांतून उठलेल्यानें धांवावें काय? पूर्वीं अशा रोग्यांस केवळ विश्रांति सांगत. आतां मत पालटलें आहे. बेताच्या व्यायामानें उपचारांच्या काळांतील थकवा कमी होतो, हें चांगलें सिद्ध झालें आहे. इ. स. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रोगी होते. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार संपल्यावर ज्यांना तीन वर्षें देखरेखीखालीं व्यायाम दिला, त्यांच्यांत रोग उलटण्याचें आणि मृत्यूचें प्रमाण इतरांपेक्षां कमी आढळलें. लक्षांत ठेवा, तेथें कोणाला मॅरेथॉन पळावयास लावलें नव्हतें. बहुतेकांना भरभर चालणेंच पुरलें. हा व्यायाम उपचारांच्या जोडीचा आहे, उपचारांच्या जागीं येणारा नव्हे. आणि तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावयाचा आहे. कोणा रोग्यास 'तुम्ही चालत नाहीं म्हणून तुमचें असें झालें' असें म्हणण्याचा अधिकार ह्यावरून कोणाहि निरोग्याला मिळत नाहीं.

शेवटीं पैशासंबंधीं दोन शब्द. बुटांचा आणि प्रवेशाचा खर्च धांवणाऱ्यानें आपल्या पदरचा करावा; देणगी सगळी रोग्याकडे जावी. संस्था निवडतांना तिचे हिशेब पाहावेत, आणि शक्य तों पैसा आपल्या हातून न फिरवितां देणाऱ्यानें थेट संस्थेस देऊन पावती घ्यावी. थोड्यांकडून मोठ्या रकमा मागण्यापेक्षां पुष्कळांकडून लहान रकमा मागाव्यात. दारावरच्या दूधवाल्यानें दिलेले दहा रुपयेहि वहींत नांवानिशीं लिहावेत. आणि रोग्याच्या दैन्याचें वर्णन करून किंवा त्याचें छायाचित्र त्याच्या संमतीवांचून दाखवून दया विकत घेऊं नये. तो मदतीस पात्र आहे तो माणूस म्हणून. त्याची अब्रू त्याच्यापाशीं राहूं द्यावी.

शर्यतीच्या दिवशीं गर्दीच्या उत्साहांत पहिले दोन मैल वेगानें धांवण्याचा मोह होईल, तो आवरा. पाय अडले तर चाला. अंतर पुरें झालें नाहीं तर देणारे आपली देणगी परत मागावयास येत नाहींत. टेरी फॉक्सलाहि कोणीं मागितली नव्हती. सहा महिने जो नेमानें उठला, ज्यानें मागतांना मान खालीं घातली नाहीं आणि हिशेब देतांनाहि घातली नाहीं, त्याचें व्रत सांग झालें असें समजावें.

ज्यांना हें करून पाहावेंसें वाटत असेल त्यांनीं मुहूर्त शोधूं नये. उद्यां सकाळीं अर्धा तास भरभर चालून यावें. आणि परत आल्यावर वहीच्या पहिल्या ओळींत पहिली देणगी स्वतःची लिहावी.